सल्ला देणारा पावसात कुठे असतो?

जानेवारीत रेडी पाहिलेल्या माणसाला रेडी कळत नाही. त्या दिवसांत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या या गावात हवा कोरडी असते, रस्ते नीट असतात, विहिरींना पाणी असतं. वायंगणीच्या कुणग्यांत भाताचा पोपटी रंग दिसतो आणि माडांच्या सावलीत बसलेल्या पाहुण्याला वाटतं, या गावाला काय कमी आहे? तोच पाहुणा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला तर त्याला विहिरीचा तळ दिसेल. जुलैत आला तर व्हाळ बांधावरून वाहताना, चिखलात गुडघाभर उतरून तरवा लावणाऱ्या बायका दिसतील. पण जुलैत पाहुणा येत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच एक सर्वेक्षक आमच्या खळ्यात येऊन बसला होता. हातात छापील प्रश्नावली, सोबत गाडी, बोलणं अगदी सौजन्याचं. बाहेरच्या देशाच्या पैशातून होणाऱ्या एका ग्रामविकासाच्या कामासाठी तो माहिती गोळा करत होता. शेतीचे प्रश्न त्यानं काकांना विचारले, कारण फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुख’ असा रकाना होता. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी यातलं बहुतेक काम जिनं आयुष्यभर केलं ती काकी दारात उभी राहून ऐकत होती. पाणी किती महिने पुरतं, या प्रश्नावर ती एवढंच म्हणाली, “पावसात येवा, मगे दाखवतंय.” त्यानं हसून मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. तो पावसात आला नाही. त्याचा अहवाल इंग्रजीत झाला असणार. तो कुणाच्या टेबलावर गेला, त्यातून काय ठरलं, हे आमच्या वाडीला कधी कळलं नाही.

हा अनुभव एकट्या रेडीचा नाही. रॉबर्ट चेंबर्स या इंग्लिश अभ्यासकानं 1983 साली ग्रामीण विकासावरच्या आपल्या पुस्तकात नेमकं यावर बोट ठेवलं. तज्ज्ञ डांबरी रस्त्यालगतची गावं बघतात, कोरड्या ऋतूत येतात, पुरुषांशी आणि त्यातही पुढाऱ्यांशी बोलतात, जिथे आधीच एखादा प्रकल्प चालू आहे तिथेच त्यांना नेलं जातं. मग जे दिसलं तेच गाव, असं ते समजतात. चेंबर्सचा अनुभव मुख्यतः आफ्रिकेचा आणि दक्षिण आशियाचा. पण त्याची ती पानं वाचताना मला आमचं खळं दिसलं.

परदेशातल्या शेतीला आणि खेड्यांना सल्ला देणं हा आज जगभर पसरलेला व्यवसाय आहे. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, श्रीमंत देशांची सरकारं पैसा देतात आणि तो कसा खर्चावा हे सांगायला सल्लागार नेमतात. या व्यवस्थेतून काही ठिकाणी फार मोठं भलं झालं आहे, काही ठिकाणी कधीही भरून न येणारं नुकसान. फरक कशानं पडतो, हा माझा प्रश्न आहे. सल्लागार गोरा की काळा, परका की आपला, यानं तो पडतो असं मला वाटत नाही.

या प्रश्नाची सुरुवात आपल्याकडे तरी 1889 साली होते. त्या वर्षी इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना भारतमंत्र्यांनी हिंदुस्थानात पाठवलं. इथली शेती मागासलेली आहे, ती कशी सुधारावी हे सांगा, असं काम. व्होल्कर वर्षाहून अधिक काळ देशभर हिंडले. पेरणी पाहिली, पाऊस पाहिला, काढणी पाहिली. 1893 साली त्यांचा अहवाल छापून आला. हिंदुस्थानी रयत अडाणी आहे हा समज त्यांनी नाकारला. इथला चांगला शेतकरी इंग्रज शेतकऱ्याच्या बरोबरीचा आहे, काही बाबतींत त्याहून सरस आहे, आणि अडचण आहे ती पाणी, खत, सरपण यांच्या टंचाईची, असं त्यांनी लिहिलं. ज्यांनी पाठवलं त्यांना न आवडणारं लिहिण्याचं धैर्य त्यांच्यात होतं आणि त्याला आधार सगळे ऋतू डोळ्यांनी पाहिल्याचा होता.

पुढच्या पिढीतले दोन इंग्रज तर राहिलेच. अल्बर्ट हॉवर्ड 1905 साली पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत आले आणि जवळजवळ पंचवीस वर्षं इथे शेतीत घालवली. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी इथल्या शेतकऱ्यांकडे पाहत पाहत बसवली आणि आपले खरे गुरू शेतकरी आणि किडी हे आहेत, असं ते सांगत. हॅरॉल्ड मॅन 1907 साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पिंपळे सौदागर या गावाचा त्यांचा 1917 सालचा अभ्यास आजही वाचावा असा आहे: कोणाची जमीन किती तुकड्यांत, कोणावर कर्ज किती, घर चालतं कशावर. सल्ला देण्याआधी त्यांनी हिशेब मांडला.

याच्या उलट टोकाची गोष्ट टांगानिकातल्या भुईमुगाची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाची चणचण होती. 1946 साली तीन तज्ज्ञांचं पथक पूर्व आफ्रिकेत गेलं, नऊ आठवडे फिरलं, बरंचसं विमानातून, आणि तीस लाखांहून अधिक एकरांवर यंत्रांनी भुईमूग पिकवता येईल असं सांगून परतलं. सरकारनं ते मानलं. कोंग्वा इथे रान साफ करायला घेतलं तेव्हा ट्रॅक्टर मोडले, पावसानं दगा दिला, आणि कोरड्या दिवसांत तिथली चिकण माती इतकी घट्ट झाली की शेंगा जमिनीतून निघेनात. सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्यानं ती माती मुठीत दाबून पाहिली असती तर शेंग लावायला हात पुढे केला नसता. 1951 साली योजना गुंडाळली गेली आणि सुमारे 3 कोटी 60 लाख पौंड बुडीत काढावे लागले.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सल्लागारांचा ओघ वाढला. अमेरिकी वास्तुरचनाकार अल्बर्ट मेयर यांच्या इटाव्यातल्या प्रयोगातून पुढे 2 ऑक्टोबर 1952 चा सामूहिक विकास कार्यक्रम उभा राहिला. फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी 1959 साली अन्नटंचाईवर अहवाल दिला आणि त्यातून निवडक जिल्ह्यांत बी, खत, कर्ज एकत्र देणारा ‘पॅकेज’ कार्यक्रम आला. डॅनियल बेनॉर या इस्रायली सल्लागाराची ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत जागतिक बँकेच्या पैशातून महाराष्ट्रातही पोचली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्याला ठरलेला संदेश द्यायचा, असं ते वेळापत्रक होतं. शिस्त चांगली होती. पण संदेश वरून खाली येत असे आणि खालचा प्रश्न वर जाण्याची वाट अरुंद होती. बँकेचा पैसा थांबला तसा तो डोलारा खचला.

किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र जमिनीपेक्षा समुद्रातली गोष्ट अधिक जवळची.

1952 साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी केरळात कोल्लमजवळ नींदकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. परदेशी मदतीनं मच्छीमारांचा विकास करण्याचा जगातल्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. नॉर्वेचे लोक मनापासून आले होते. आरोग्य केंद्र काढलं, पिण्याच्या पाण्याची सोय केली, बर्फाचा कारखाना घातला, होड्यांना इंजिनं बसवली. पुढे प्रकल्पाचं काम कारवारपर्यंत आलं. मात्र साठच्या दशकात गोठवलेल्या कोळंबीला अमेरिकेत भाव मिळू लागला आणि सगळा जोर ट्रॉलरवर गेला. समुद्राचा तळ खरवडणारी ती जाळी. तिच्यात कोळंबीबरोबर अंडी, पिल्लं, सगळंच येतं. ट्रॉलर घ्यायला भांडवल लागतं, म्हणून तो मुख्यतः पैसेवाल्यांच्या हातात गेला. ज्यांच्या भल्यासाठी नॉर्वेचे लोक आले होते ते छोटे मच्छीमार सत्तरच्या दशकाअखेर त्याच ट्रॉलरांविरुद्ध रस्त्यावर उतरले. केरळात पावसाळी ट्रॉलिंगबंदी यायला 1988 साल उजाडलं. प्रकल्प 1972 सालीच भारताच्या हवाली करून नॉर्वेचे सल्लागार मायदेशी परतले होते. त्यांच्या सल्ल्याचं पूर्ण फळ त्यांना बघावं लागलं नाही.

ही लाट आमच्या किनाऱ्यावरही आली. मालवण-वेंगुर्ल्याचा रापणकार गावच्या किनाऱ्यावरून जाळं ओढतो. एका रापणीत अनेक घरांचा वाटा असतो. ओढायला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही चार बांगडे मिळतात. त्याच्यासमोर आधी ट्रॉलर आले, मग पर्ससीन जाळी, जी बांगड्याची अख्खी झुंड वेढून उचलते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 सालचा, तरी तंटे वाढतच गेले. शेवटी भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. वि. स. सोमवंशी यांच्या समितीनं अहवाल दिला आणि त्याच्या आधारे 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले. वर्षातले चारच महिने परवानगी राहिली. अंमलबजावणीबद्दल मच्छीमारांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तरी एका तज्ज्ञाच्या अहवालानं रापणकाराच्या बाजूला वजन दिलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सल्ला कोणाच्या नजरेतून लिहिला जातो, यावर त्याची दिशा ठरते.

रेडीचं नाव आंतरराष्ट्रीय कागदांवर आलं ते 2011 नंतर. विजयदुर्गपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यासाठी जागतिक पर्यावरण सुविधा, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि राज्य शासन यांनी मिळून सागरी जैवविविधतेचा प्रकल्प हाती घेतला. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे तीन तालुके त्यात होते आणि नकाशावर रेडी हे शेवटचं ठिकाण. सल्लागार आले, अभ्यास झाले, पुस्तिका निघाल्या. त्यातलं काय राहिलं, हे पाहायला हवं.

सर्वांत चांगलं राहिलं ते वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत. तिथे ‘स्वामिनी’ या बचत गटाच्या महिला होडीतून पर्यटकांना कांदळवनात फिरवतात. त्या मच्छीमार घरांतल्या आहेत, खाडी त्यांच्या पायाखालची आहे. चिपी कुठली, कांदळ कुठलं, भरतीच्या वेळी पाणी कुठल्या फाट्यानं चढतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. बाहेरून आलं ते झाडांची शास्त्रीय ओळख करून घेण्याचं प्रशिक्षण, सुरक्षा जॅकेट आणि थोडं भांडवल. ज्ञान गावचं, जोड बाहेरची. ते टिकलं.

ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाशी चौकोनी आसाचा, म्हणजे चौकोनी भोकांचा, तुकडा लावण्याचा प्रयोगही मला मोलाचा वाटतो. नेहमीचे आस ओढताना मिटतात, चौकोनी आस उघडे राहतात आणि लहान पिल्लू निसटून जातं. खर्च थोडा, फायदा सगळ्या समुद्राला.

खेकडापालनाचं थोडं वेगळं. कुर्ल्यांना बाजार आहे, भाव आहे, खाडी आहे, म्हणून कागदावर ते उत्तम दिसतं. पण चिखली खेकड्याचं बीज येतं तामिळनाडूतल्या सिरकाळीजवळच्या केंद्रातून. एवढ्या लांबून बोटाच्या पेराएवढी पिल्लं जिवंत आणायची, ती एकमेकांना खातात म्हणून वेगळी ठेवायची, महिनोन् महिने पोसायची. प्रकल्पाच्या काळात बीज आणि वाहतूक यांची काळजी दुसरं कोणी घेतं. प्रकल्प संपल्यावर ती गटातल्या बायकांच्या डोक्यावर येते. याच किनाऱ्यावर बीज तयार करण्याची सोय आधी उभी करा आणि मग पिंजरे वाटा, असं सांगणारा सल्लागार मला हवा होता. 2018 साली हरित हवामान निधीनं आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी 13 कोटी डॉलरच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, त्यात सिंधुदुर्ग आहे. म्हणजे हा प्रश्न जुना झालेला नाही.

आधीच्या त्या जैवविविधता प्रकल्पात भातासाठी ‘श्री’ पद्धत आणली गेली. तिची जन्मकथा सुंदर आहे. फादर आंरी द लोलानिए हे फ्रेंच धर्मगुरू 1961 साली मादागास्करला गेले आणि 1995 साली मरेपर्यंत तिथेच राहिले. बावीस वर्षं शेतकऱ्यांबरोबर भात लावल्यावर 1983 साली त्यांना कळलं की अगदी कोवळं, एकेकटं, लांब लांब लावलेलं रोप भरपूर फुटवे देतं, फक्त खाचरात सतत पाणी तुंबू द्यायचं नाही. पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या नॉर्मन अपहॉफ यांनी ती जगभर नेली. पण सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्या मळ्यांतून जुलैत पाणी काढायचं कुठे? वरच्या कुणग्याचं पाणी खालच्यात, खालच्याचं व्हाळात आणि भरतीच्या वेळी व्हाळच फुगलेला. आठ-दहा दिवसांचं नाजूक रोप त्या लोंढ्यात तग धरत नाही. भरडावर, उताराच्या शेतात ‘श्री’ चालते. सखल मळ्यात तिचा हट्ट धरणं चूक, हे जुलैत आलेल्या माणसाला एका दिवसात समजलं असतं.

आणि त्याच वेळी आमच्याच मातीतला एक माणूस आमच्याच पावसासाठी पद्धत बसवून गेला होता. डॉ. नारायण सावंत. परदेशी शेतीला सल्ला देणाऱ्या मराठी माणसांत त्यांचं नाव पहिल्या रांगेत यायला हवं आणि ते फार थोड्यांना माहीत आहे.

सावंत अमेरिकेत अलाबामातल्या मसल शोल्स इथल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात शास्त्रज्ञ होते. त्यांचा विषय भाताच्या चिखलातला युरिया. पाणी भरलेल्या खाचरात युरिया फेकला की त्यातल्या नत्राचा मोठा भाग भाताला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन हवेत उडतो, काही पाण्याबरोबर वाहतो. कोकणात तर बांधावरून पाणी गेलं की पैसे व्हाळात गेले. उपाय साधा आहे: युरिया दाबून गोळी करायची आणि ती चिखलात खोल खोचायची. तिथे हवा पोचत नाही, नत्र अमोनियमच्या रूपात चिखलाला धरून राहतं आणि मुळं तिथवर जाऊन ते घेतात. सावंत आणि त्यांचे सहकारी यांच्या या अभ्यासाचा पाया घेऊन त्या केंद्रानं बांगलादेशात काम केलं. तिथल्या लहान कारागिरांनी गोळी करण्याची यंत्रं बनवली, ‘गुटी युरिया’ हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला आणि लाखो शेतकऱ्यांनी कमी खतात जास्त भात काढलं.

पण सावंत तिथे थांबले नाहीत. ते महाराष्ट्रात परतले आणि कोकणच्या भातासाठी त्यांनी ‘चारसूत्री’ मांडली. पहिलं सूत्र, भाताचं तूस आणि पेंढा शेतातच परत द्यायचा. तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळायची. पावसानं धुपलेल्या आमच्या जांभ्या जमिनीत भाताला लागणारं सिलिका कमी पडतं, ते राखेतून मिळतं आणि रोप ताठ होतं. दुसरं, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला हिरवळीचं खत म्हणून चिखलात गाडायचा. तिसरं, दोरी धरून 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा. चौथं, लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या चौकोनात मध्यभागी 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. यातलं पहिलं आणि दुसरं सूत्र फुकटचं आहे. पाणी काढण्याचा हट्ट कुठेही नाही. पाऊस आहे तसा धरून ही पद्धत चालते, म्हणून माझा कौल चारसूत्रीला.

मग ती घरोघर का नाही? कारणं आहेत आणि ती सल्लागारांच्या अहवालांत क्वचितच सापडतात. एक म्हणजे वाकून प्रत्येक गोळी हातानं खोचायची, म्हणजे लावणी करून दमलेल्या बाईच्या पाठीवर आणखी एक काम. लावणीला माणसंच मिळत नाहीत तिथे हे काम कोण करणार? आमचे कुणगेही वाकडेतिकडे, दोरी धरावी तर कोपऱ्यात गोंधळ. आणि सर्वांत मोठं कारण सातबाऱ्यात आहे. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर पंचवीस, तीस, चाळीस नावं सामाईक असतात. त्यातले निम्मे मुंबईत चाकरमानी, काही गोव्यात, काही वारलेले पण नाव कमी न झालेले. अनुदान असो, कर्ज असो, बांध दुरुस्ती असो, सगळ्यांची संमती लागते. जो कसतो त्याच्या एकट्याच्या नावावर काही नाही आणि ज्यांची नावं आहेत ते गणपतीला आणि शिमग्याला येतात. बाहेरच्या आराखड्यात ‘शेतकरी’ म्हणून जो माणूस गृहीत धरलेला असतो, आपल्या जमिनीबद्दल निर्णय घेणारा एकटा मालक, तो रेडीत शोधावा लागतो. जमिनीच्या या गुंत्याला हात न घालता दिलेला शेतीचा कोणताही सल्ला आमच्याकडे अर्ध्यावरच थांबणार.

परदेशी शेतीत मराठी माणसानं काय केलं याची सावंतांहूनही जुनी गोष्ट वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांची आहे. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्यावर त्यांनी संशोधन केलं, पण मला त्याहून मोठं वाटतं ते त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मुक्त कृषिशाळांचं काम. दिएगो रिवेरासारख्या चित्रकारानं आपल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना दाखवलं. नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत पोचले 1944 साली. खानखोजे तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून शेतकऱ्यांत वावरत होते. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आपल्याकडे घरोघरी वाचलं गेलं. त्यांनीच लिहिलेलं खानखोज्यांचं चरित्रही तसंच वाचलं जावं असं मला फार वाटतं.

आणि उलट दिशेनं आलेला माणूस म्हणजे फादर हर्मन बाकर. स्वित्झर्लंडचे हे जेझुइट 1948 साली भारतात आले आणि त्यांनी अहमदनगरच्या दुष्काळी भागात आयुष्याची अनेक दशकं घालवली. जर्मन मदतीवर चाललेला पाणलोट विकासाचा इंडो-जर्मन कार्यक्रम त्यांच्या प्रेरणेतून उभा राहिला. त्यात गावानं आधी श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवायचं, मग पुढचा पैसा. आणि तो गावाच्या पाणलोट समितीच्या हाती. जर्मनीचा पैसा आणि स्विस सल्ला असूनही ते काम गावाचं वाटलं, कारण कुठला चर कुठे खणायचा हे गावकरी माथ्यावर चढून ठरवत होते आणि बाकर पुढच्या पावसातही तिथेच असणार हे त्यांना ठाऊक होतं.

आता व्यवस्थेकडे पाहावं. सल्लागाराच्या करारात कामाची कक्षा लिहिलेली असते आणि पैसे टप्प्यांनी मिळतात: प्रारंभिक अहवाल दिला की काही, मसुदा दिला की काही, अंतिम अहवाल स्वीकारला गेला की उरलेले. दुसऱ्या वर्षी पीक कसं आलं, तिसऱ्या वर्षी गट चालू आहे का, यावर सहसा एकही हप्ता अडवलेला नसतो. म्हणून कितीही प्रामाणिक माणूस असला तरी त्याचं लक्ष अहवालावर जातं. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमासाठीच इलियट बर्ग यांनी 1993 साली आफ्रिकेतल्या तांत्रिक साहाय्याचा आढावा घेतला तेव्हा त्यांचा निष्कर्ष कठोर होता: एवढे परदेशी तज्ज्ञ पाठवूनही त्या देशांची स्वतःची क्षमता फारशी वाढलेली नाही. स्थानिक कृषी पदवीधराला मिळतं त्याच्या अनेक पटींनी मेहनताना बाहेरच्याला द्यायचा आणि स्थानिकाला त्याचा मदतनीस करायचं, हा अपव्यय आहे आणि अन्यायही.

अहवालालाच किंमत असली की काय होतं, हे कोकणानं पाहिलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी तयार झालेल्या पर्यावरण अहवालात रशियातल्या एका खाणीच्या अहवालातला मजकूर उचललेला आढळला होता. ही 2007 च्या सुमाराची गोष्ट. रेडीत आम्ही खाणी पाहत वाढलो. इथलं लोहखनिज इथल्याच बंदरातून परदेशी गेलं, 1976 साली द्विभुज गणपतीची मूर्ती मिळाली तीही खाणीच्या खोदकामातच. खाणीजवळच्या शेतांत पावसाबरोबर तांबडा गाळ कसा उतरतो हे आमच्या लोकांना रोजच्या व्यवहारातून माहीत आहे. त्यांच्या पाण्याचं, मातीचं भवितव्य ज्या कागदावर ठरतं तो दुसऱ्या देशातल्या मातीवरून उतरवलेला असू शकतो, हा विचारच अस्वस्थ करतो.

बाहेरच्या सल्ल्याशिवाय काय होऊ शकतं, याचंही उदाहरण हाताशी आहे. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, पण आमच्या वरकस जमिनीवरचं चित्र बदललं ते वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं. 1957 साली सुरू झालेल्या त्या केंद्रातून ‘वेंगुर्ला’ मालिकेतले काजू आले, आंब्याच्या ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ जाती आल्या. कलमं करण्याचं तंत्र गावोगावच्या पोरांनी उचललं. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि ओसाड डोंगर हिरवे झाले. ते केंद्र रेडीहून तासाभराच्या वाटेवर आहे, तिथला शास्त्रज्ञ मालवणी समजतो, आणि कलम मेलं तर शेतकरी दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊ शकतो.

बाहेरचा सल्लागार नको, असं मी म्हणत नाही. चौकोनी आसाची जाळी, गोळी खत, बाकरांची पाणलोटाची शिस्त, यातलं काहीही वेशीबंद राहून मिळालं नसतं. मला हवं आहे ते त्याचं उत्तरदायित्व. त्यानं किमान दोन पावसाळे गावात यावं. त्याच्या मेहनतान्याचा एक हिस्सा दुसऱ्या पिकानंतरच मिळावा. आणि अहवाल मराठीत, गावाला, सर्वांत आधी.

शेवटच्या मागणीला कायद्याचा आधार आहे. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 प्रमाणे शासनानं स्वतःहून माहिती जाहीर करायची असते आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करायचा असतो. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचा 2011 सालचा अहवाल, ज्यात सिंधुदुर्गातल्या ग्रामसभांच्या ठरावांची नोंद आहे, तोदेखील लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला आणि 2012 साल उजाडलं. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे त्यावरून समजावं.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला माझी विनंती आहे. आपल्या गावाच्या नावानं आजवर किती अहवाल लिहिले गेले, त्यांच्या प्रती कुठे आहेत, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारा. नवा सल्लागार आला तर त्याच्याशी जरूर बोला, त्याला सगळं दाखवा, काकीला पुढे बसवा. आणि त्याला 15 ऑगस्टच्या ग्रामसभेचं निमंत्रण द्या. त्या दिवशी लावणी आटोपलेली असते, कुणगे पाण्यानं भरलेले असतात, आणि शेताच्या बांधावरून चालत गेलं की काकी जे दाखवीन म्हणाली होती ते सगळं दिसतं.